रिकामी ओंजळ आणि श्रीचरण



या पुस्तिकेच्या इतर पृष्ठांवर नित्यपूजेच्या वेळा, अभिषेकाची व्यवस्था, भक्तनिवास व अन्नछत्र यांविषयीची माहिती आपणांस मिळेलच. मा. विश्वस्त मंडळाने यंदा प्रस्तुत लेखकास आज्ञा केली की, चिंतनाची चार पाने आपण लिहावीत. वास्तविक मी प्रवचनकार नव्हे, की कीर्तनकार नव्हे. पावत्या लिहिणारा, हिशेब ताडून पाहणारा, आलेल्या पत्रांना उत्तरे देणारा संस्थानचा एक सेवक आहे. महाविद्यालयात मराठी व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन पदवी संपादन केली, एवढीच काय ती शिदोरी. परंतु देणगी कक्षाशेजारच्या टेबलावर बसून अनेक वर्षे झाली, आणि त्या टेबलापुढे एक प्रश्न मी पुन:पुन्हा ऐकला आहे. त्या प्रश्नाविषयी चार शब्द लिहावेत, असे मनात आले.

काही वर्षांपूर्वी मार्गशीर्ष महिन्यात, सायंआरतीच्या आधी, एक निवृत्त गृहस्थ कार्यालयात आले. हातात रुमालाची पुरचुंडी होती. त्यात चार सोन्याच्या बांगड्या आणि एक बारीक साखळी होती. "देवाला द्यायचे आहे," एवढेच म्हणाले. रीतीप्रमाणे वजन झाले, पंचांसमक्ष नोंद झाली. पावती कोणाच्या नावे करावयाची, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी पत्नीचे नाव सांगितले आणि मग आपणच म्हणाले, "आता नावाआधी कैलासवासी लिहावे लागेल, नाही का?" मी तसे लिहिले. पावती घडी घालून खिशात ठेवल्यावरही ते उठले नाहीत. जरा वेळाने त्यांनी विचारले, "साहेब, हे झाले. आता उद्या सकाळी उठून मी काय करू?"

भाविकहो, त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे, उशिरा का होईना, त्या प्रश्नाचे केलेले चिंतन होय.

हा प्रश्न केवळ वियोगाने दु:खी झालेले लोक विचारतात, असे मात्र नाही. कोणाची नोकरी संपलेली असते, आणि चाळीस वर्षे ज्या घड्याळाने उठविले ते घड्याळ निरुपयोगी झालेले असते. कोणाची मुले पुण्यास, बंगळुरास वा सातासमुद्रापलीकडे स्थिरावलेली असतात. दूरध्वनीवर रोज बोलणे होते, तरी स्वयंपाकाला दोनच वाट्यांचे माप पुरते. कोणी तरुण परीक्षांमागून परीक्षा देऊन थकलेला असतो. आणि कित्येकांचे तर काहीच गेलेले नसते. घर आहे, पैसा आहे, माणसे आहेत, पण आतून सारे पोकळ वाटते. अशा माणसाला आपले दु:ख सांगण्याचीही चोरी असते, कारण ऐकणारा म्हणतो, "तुला काय कमी आहे?" रांगेत चार चार तास उभे राहून गाभाऱ्यासमोर आल्यावर 'देवा, मला काय मागायचे तेच कळत नाही' असे वाटणारे भाविक थोडे नाहीत.

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. अशी रिक्तता मनात येणे हे पाप नव्हे, किंवा श्रद्धा उणी असल्याचे लक्षणही नव्हे. श्रीमद्भगवद्गीतेच्या प्रत्येक अध्यायास 'योग' ही संज्ञा आहे. कर्मयोग, ज्ञानयोग, भक्तियोग ही नावे आपणांस परिचित आहेतच. परंतु अगदी पहिल्या अध्यायाचे नाव 'अर्जुनविषादयोग' असे आहे, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ज्याच्या हातून गांडीव गळून पडते आहे, ज्याला राज्यात अर्थ वाटत नाही, विजयात वाटत नाही, जगण्यातही वाटत नाही, त्याच्या त्या अवस्थेलाच योगाचे नाव दिले आहे. आणखी एक विशेष पाहावा. सत्तेचाळीस श्लोकांच्या त्या अध्यायात भगवंत जवळजवळ बोलतच नाहीत. जमलेल्या कुरुसैन्याकडे पाहा, एवढेच एकदा म्हणतात आणि मग शेवटपर्यंत अर्जुनाचे ऐकून घेतात. मध्येच तोडत नाहीत. दुसऱ्या अध्यायात उपदेश सुरू होतो, तोही अर्जुन स्वत: होऊन शरण आल्यावर. आपण मात्र शोकाकुल माणसाच्या घरी जाऊन पहिल्या पाच मिनिटांतच दुसरा अध्याय सुरू करतो! हे माझ्याही हातून अनेकदा झाले आहे, म्हणून लिहितो.

आता ज्यांच्या जीवनात ही रिक्तता अत्यंत दारुण रूपाने आली, त्या जगद्गुरू श्रीतुकाराम महाराजांच्या चरित्राकडे वळू. महाराजांचे नाव घेताच आपल्या डोळ्यांसमोर येतात ते वैकुंठाकडे निघालेले, हाती वीणा घेतलेले तुकोबा. कार्यालयाच्या भिंतीवरील चित्रातही ते तसेच आहेत. पण मला वाटते, आपणांस आधी भेटले पाहिजेत ते बाविशीच्या आसपासचे तुकोबा.

देहूच्या या घराण्यात विठ्ठलाची उपासना पूर्वज विश्वंभरबुवांपासून चालत आलेली होती. घरात महाजनकी होती, व्यापार होता. परंपरा सांगते की, वडीलबंधू सावजी संसारातून विरक्त झाल्यामुळे व्यवहाराचा भार लहान वयातच तुकोबांवर आला. पुढे मातापित्यांचे छत्र हरपले, वडीलबंधूही पत्नीनिधनानंतर तीर्थाटनास निघून गेले. आणि त्यानंतर १६३० च्या सुमारास दख्खनेत तो भीषण दुष्काळ पडला, ज्याच्या आठवणी इतिहासाच्या कागदपत्रांत आजही अंगावर काटा आणतात. व्यापार बुडाला. दिवाळे निघाले. ज्याच्या घरातून इतरांना धान्य आणि कर्ज जात असे, त्याच्या घरात अन्नान्नदशा झाली. प्रथम पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेल्या. पुत्रही गेला. ज्या पंचक्रोशीत मान होता, तेथे तोंड दाखविणे नकोसे झाले.

हे सारे दुसऱ्या कोणी रंगवून सांगितलेले नाही. संतमंडळींनी आग्रह केला म्हणून महाराजांनी संकोचाने आपली हकिगत एका अभंगात सांगितली आहे. वास्तविक हे सांगू नये, पण तुमच्या शब्दाखातर सांगतो, अशा आशयाने ते सुरुवात करतात. आपल्या अपमानाची आणि लाजेची कबुली इतक्या उघडपणे देणारे थोर पुरुष विरळाच. या अभंगात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो घटनांचा क्रम. पत्नी गेली, धंदा बसला, मन जगाला विटले. त्यापुढे काय झाले असेल? आपण कल्पना करू की आकाशवाणी झाली असेल, देवाचे दर्शन घडले असेल, किंवा निदान मोठा गुरू भेटला असेल. तसे काही तुकोबा सांगत नाहीत. ते सांगतात की, देवाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते नीट करावे असे मनात आले.

भाविकहो, येथे क्षणभर थांबावे. ज्याचे स्वत:चे घर मोडले आहे, त्याला मोडके देऊळ दिसते. हाती पैसा नाही, तेव्हा कारागीर लावणे शक्य नव्हते. महिपतिबोवांनी पुढे अठराव्या शतकात संतचरित्रे लिहिली, त्यांनीही महाराज स्वहस्ते दगडमातीचे काम करीत असल्याचे वर्णिले आहे. माती कालविणे, भिंत लिंपणे हे काम असे आहे की, ते करताना जीवनाचा अर्थ काय याचे उत्तर द्यावे लागत नाही. भिंत तेवढी सरळ यावी लागते. संध्याकाळी दिसते की, सकाळी जी भेग होती ती आता नाही.

त्यानंतर आरंभी एकादशीला कीर्तन करू लागलो, असे ते म्हणतात. आणि लगेच जोडतात की, प्रारंभी अभ्यासात चित्त नव्हते. हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. ज्यांच्या अभंगांची संख्या साडेचार हजारांहून अधिक भरते, ज्यांच्या शब्दावाचून आज महाराष्ट्रात एकही हरिकीर्तन पुरे होत नाही, ते स्वत: सांगतात की, सुरुवातीस मन लागत नव्हते! मन लागल्यावर आरंभ करू, असे ते थांबून राहिले नाहीत. संतांची काही वचने आदराने पाठ केली. पुढे उभे राहून जे गात, त्यांच्या मागे राहून धृपद धरले. अंगमेहनतीने घडेल तो परोपकार केला. अशी ती साधीसुधी कामे ते एकामागून एक सांगत जातात. स्वप्नात गुरूंचा अनुग्रह आणि कवित्वाची स्फूर्ती या गोष्टी त्यानंतर आल्या आहेत.

मागे उभे राहून धृपद धरणे म्हणजे काय, हे ज्यांनी दिंडीत पावले टाकली आहेत त्यांना सांगावयास नको. धृपद धरणाऱ्याला स्वत:चा स्वर लावावा लागत नाही. पुढचा जे म्हणतो ते उचलावयाचे, टाळाचा ठेका सोडावयाचा नाही. ज्याच्यापाशी स्वत:चे म्हणून काही उरलेले नाही, तोदेखील हे करू शकतो. गळा भरून आला आणि एखादी ओळ राहून गेली, तरी भजन थांबत नाही. शेजारचा ती ओळ पूर्ण करतो. आपल्या संस्थानात दर एकादशीस रात्रौ भजन असते. आपण मुक्कामी असाल तर मंडपात येऊन मागच्या बाजूस अवश्य बसावे. येत नसले तरी चालेल.

कीर्तनकार महाराज या विषयावर बोलताना मृदंगाचा दृष्टांत देतात. मृदंग आतून पोकळ असतो म्हणून घुमतो, तद्वत जीवन रिकामे झाले म्हणजेच त्यातून नाद उमटतो, इत्यादी. दृष्टांत गोड आहे आणि श्रोते मान डोलावतात. तथापि ज्याच्या घरातील माणूस गेल्या महिन्यात गेले, त्याला हा दृष्टांत सांगू नये, असे माझे नम्र मत आहे. तुकोबांनीही रखुमाबाईंच्या जाण्याला गोंडस केलेले नाही. ईश्वराचे आभार मानणारे त्यांचे अभंग आहेत, की बरे झाले, या निमित्ताने संसाराची ओढ तुटली. परंतु ते म्हणण्याचा अधिकार ज्याचे गेले त्याचा. शेजाऱ्याने ते त्याच्या वतीने म्हणावयाचे नसते.

परंपरेने सांगितलेला आणखी एक प्रसंग येथे आठवतो. कर्जखतांचे कागद घरात होते. धाकटे बंधू कान्होबा यांना त्यांच्या वाट्याचे अर्धे कागद देऊन महाराजांनी आपल्या वाट्याचे इंद्रायणीत सोडून दिले. हिशेबात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास हा प्रसंग वैकुंठगमनाहूनही अद्भुत वाटतो. स्वत: अन्नाला महाग झालेला मनुष्य दुसऱ्याकडून येणे असलेली रक्कम सोडून देतो! आणि त्यातही भावाचा वाटा त्याला न विचारता बुडवीत नाही. विरक्तीतही हिशेब चोख आहे. ज्या देणेकऱ्यांची खते त्या दिवशी पाण्यात गेली, त्यांनीही तोच दुष्काळ भोगला होता. आपले रिकामे घर पाहता पाहता तुकोबांना त्यांची रिकामी घरे दिसली असावीत.

तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई यांचे चरित्रही या संदर्भात मननीय आहे. वेरूळजवळच्या देवगावी त्यांचा जन्म. बालवयातच वयाने पुष्कळ मोठ्या बिजवराशी विवाह. परिस्थितीमुळे गावोगाव भटकंती. कोल्हापुरी असताना एक वासरू त्यांच्या मागे मागे फिरे, कीर्तनासही येऊन बसे. कीर्तनाच्या नादावरून पतीकडून मार खावा लागला, आणि पुढे ते वासरूही गेले. शास्त्रार्थ करणाऱ्या थोरामोठ्यांच्या जगात एका मुलीच्या वासराचे दु:ख कोण मोजणार? पण त्याच शोकावस्थेत, कधी प्रत्यक्ष न पाहिलेल्या तुकोबांचे दर्शन आपणांस झाले, असे त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत लिहून ठेवले आहे. पुढे त्यागून जाण्यास निघालेले पती आजारी पडले. बहिणाबाईंनी त्यांची शुश्रूषा केली, त्यांचे मन पालटले आणि ती उभयता देहूस गेली. आपले दु:ख क्षुल्लक आहे, ते देवापुढे काय न्यावयाचे, असे ज्या भगिनींना वाटते, त्यांनी हे वासरू विसरू नये.

आता थोडे स्वत:विषयी लिहितो. वाचकांनी क्षमा करावी. आम्हा उभयतांस अपत्य नाही. हे लिहिण्याचे कारण असे की, आपल्या संस्थानात संतानप्राप्तीसाठी नवस बोलणारे व तो फेडणारे भाविक नित्य येतात. चांदीचा पाळणा अर्पण होतो, त्याची पावती मीच लिहितो, पेढ्यांचा पुडा माझ्याच टेबलावर ठेवला जातो. आरंभीची काही वर्षे तो पुडा मी घरी नेत नसे. कचेरीतील शिपायास देऊन टाकीत असे. देवाच्या दारातच बसून देवावर रुष्ट असणारा मनुष्य कसा असतो, हे मी जवळून पाहिले आहे.

२०२० च्या मार्च महिन्यात महामारीमुळे राज्यातील मंदिरे भाविकांसाठी बंद झाली. त्या आषाढीस संतांच्या पादुका एस.टी.च्या बसमधून पंढरीस गेल्या, हे आपणा सर्वांस स्मरत असेल. आपल्याही संस्थानात त्या काळात पुजारी, एक पहारेकरी आणि हिशेबाच्या निमित्ताने मी, एवढीच माणसे असत. ज्या मंडपात पाऊल ठेवण्यास जागा नसे, तेथे कबुतरांच्या पंखांचा आवाज ऐकू येई. तरीही काकडा वेळेवर होत होता. नैवेद्य वेळेवर दाखविला जात होता. पाहणारा कोणी नसताना समईत तेल घातले जात होते. एके दिवशी मी पुजाऱ्यांना सहज म्हणालो, "आज कोणी येणार नाही, थोडे उशिरा केले तर?" ते म्हणाले, "येणाऱ्यांसाठी कुठे करतो?" आणि फुले निवडू लागले.

हाती वेळ होता म्हणून जुन्या देणगीवह्या नव्याने उतरून काढावयास घेतल्या. त्यांत एका बाईंचे नाव वर्षानुवर्षे, प्रत्येक एकादशीस आढळले. रक्कम सव्वा रुपया, दिव्याच्या तेलासाठी. आमच्या वहीत 'हेतू' असा एक रकाना असतो. त्यात मनोकामना, नवसपूर्ती, स्मरणार्थ असे काही लिहिण्याची पद्धत आहे. या बाईंपुढे तो रकाना दर वेळी कोरा होता. त्या काळच्या लेखनिकाने विचारले नसेल असे नाही, कारण शेजारच्या सर्व ओळी भरलेल्या आहेत. त्या कोण, कोठच्या, याचा मागमूस नाही. नवी वही लिहिताना तो रकाना मीही कोराच ठेवला. १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्यास, मंदिरे उघडली. त्यानंतर काही दिवसांनी एका दांपत्याने पाळणा वाहिला आणि पेढे दिले. तो पुडा मी प्रथमच घरी नेला. आमच्या सौभाग्यवतींनी काही विचारले नाही. देवापुढे ठेवला आणि एक मला दिला. मनातील सल गेली, असे मी म्हणणार नाही. ती आहे.

येथे एक व्यावहारिक सूचनाही करणे कर्तव्य समजतो. निद्रा नाहीशी होणे, अन्न नकोसे होणे, आपण नसलेले बरे असे विचार वारंवार येणे, ही केवळ वैराग्याची लक्षणे समजून स्वस्थ बसू नये. ज्वर आल्यास आपण अंगारा लावतो आणि वैद्याकडेही जातो. तसेच हेही आहे. केंद्र शासनाने २०२२ पासून 'टेलिमानस' ही सेवा सुरू केली असून १४४१६ या क्रमांकावर बोलता येते, त्यासाठी शुल्क नाही. आपल्या घरात, शेजारी कोणी असे बोलू लागल्यास हसण्यावारी नेऊ नये. त्याच्याजवळ बसावे. गीतेच्या पहिल्या अध्यायातील भगवंतांप्रमाणे ऐकावे.

पुनश्च त्या बांगड्या देणाऱ्या गृहस्थांकडे वळतो. उद्या सकाळी काय करू, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर न सुचून मी नुसता बसलो असता पादत्राणे कक्षातील मुलगा रजेवर असल्याची तक्रार घेऊन पहारेकरी आला. बाहेर चपलांचा ढीग पडला होता. मी त्या गृहस्थांना संकोचत म्हटले, "आरती होईपर्यंत जरा बसता का तेथे?" ते काही न बोलता उठले. रात्री मंदिर बंद होताना हिशेबाचे बिल्ले परत करावयास आले आणि जरा रागावूनच म्हणाले, "तुमच्या बिल्ल्यांवरचे आकडे पुसले आहेत. सदतीस आहे की सत्तावन्न, कळत नाही. लोकांच्या चपला बदलतात." पुढील एकादशीस ते स्वत:च रंगाची डबी आणि बारीक कुंचला घेऊन आले, आणि मंडपाच्या कट्ट्यावर बसून दोनशे बिल्ल्यांवर आकडे काढले.

तीन-चार वर्षे ते प्रत्येक एकादशीस येत राहिले. अलीकडे गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही. मधून त्यांचा दूरध्वनी येतो. शेजारचा एक मुलगा पाढे शिकावयास येतो, असे सांगतात. घर कसे आहे, असे विचारले तर म्हणतात, "रिकामेच आहे हो." आणि मग न चुकता विचारतात की, बिल्ल्यांचा रंग अजून टिकून आहे ना. दर्शनास येताना आपण पादत्राणे ठेवाल तेव्हा हाती येणारा पितळी बिल्ला पाहावा. त्यावरील आकडा त्यांच्याच हातचा आहे. परत करण्यास विसरू नये, ही विनंती.